चार बोटांची जागा

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा रडतोय.

अर्धवट बांधलेल्या बंगल्याचं तळघर. तीन बाजूंनी डोंगराची माती, चौथी बाजू दरीकडे उघडी. आत, मागच्या भिंतीला तोंड करून एक म्हातारा उभा होता. डोळे मिटलेले, गाल सिमेंटला टेकलेला. मी दारातच थांबलो. दुसऱ्याच्या दुःखात असं एकदम शिरता येत नाही. थोड्या वेळानं त्यांनी दुसरा गाल लावला, मग मनगटाची आतली बाजू, आणि वळून मला म्हणाले, "गार हाय. वली न्हाई. अजून न्हाई."

ते धाकूमामा. मी अंतर्गत सजावटीची कामं घेतो, राहतो पिरंगुटला. पौडच्या पुढे, धरणाच्या वरच्या अंगाला गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे बंगले उठले त्यांतल्या बऱ्याच बंगल्यांच्या आतल्या भिंती मी झाकल्या आहेत. झाकणं हाच माझा धंदा. मामांबद्दल लिहायचं म्हणून चार-पाच वेळा बसलो आणि उठलो. आता पूर्ण लिहिणार आहे.

मामा कुणाच्या हजेरीपटावर नव्हते. वरच्या पठारावर धनगरवाडा होता, एकेकाळी सहा घरांचा. मी ओळखायला लागलो तेव्हा दोन घरांतून धूर निघायचा आणि नंतर एकातूनच. मेंढरं केव्हाच गेली होती. मामांनी उभ्या आयुष्यात दगडाचे बांध रचले, वाड्याच्या भिंती घातल्या, आणि बंगले आले तसे डोंगर धरून ठेवणाऱ्या दगडी भिंती बांधल्या. त्यातून त्यांना दुसरंच काम चिकटलं. तळघराची भिंत झाकण्याजोगी झाली की नाही, हे विचारायला लोक त्यांना बोलवायला लागले. ना कागद, ना शिक्का. "धाकूनं हात लावला" एवढं म्हटलं की गवंडी, सुतार, मालक सगळे मुकाट कामाला लागत.

तळघरात शिरताना ते चपला बाहेर काढायचे. खाली खिळे, तारा, विटांचे तुकडे. मी एकदा म्हटलं, मामा, पायात काहीतरी घुसेल. ते म्हणाले, तळपायाला आधी कळतं, हाताला मागनं, आणि इंजिनेराला सगळ्यात शेवटी. मला ते इंजिनेरच म्हणायचे. मी इंजिनेर नाही. दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

हात आणि गाल झाले की त्यांची दुसरी परीक्षा. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, उभ्या कापून ते कमरेच्या पंच्यात खोचून आणत. त्या भिंतीवर चार-पाच ठिकाणी सपाट लावायच्या आणि कडा भिजवलेल्या मातीनं लिंपून टाकायच्या. दुसऱ्या दिवशी बघायचं. पिशवीच्या खोलीकडच्या अंगावर थेंब असतील तर ते खोलीतल्या हवेचं पाणी. भिंत थंड म्हणून तिच्यावर जमलेलं. थेंब पिशवीच्या मागं, भिंतीच्या बाजूला असतील तर भिंतच पाणी सोडते आहे. दिसायला दोन्ही भिंती सारख्याच ओल्या. उपाय मात्र एकमेकांच्या उलट.

"गार पडली आसंल तर पांघरून घाला," ते म्हणायचे. "जखम वाहती आसंल तर आधी वाट द्या, मंग पांघरून."

आमच्याकडच्या पावसात हे किती खरं आहे ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, काड्यापेटीतल्या काड्या ओढल्या की नुसता गुल निघून येतो. तळघराला ऊब द्यायची तर भिंतीवर फोमचे बोर्ड किंवा काचेचा कापूस लावायचा आणि वर जिप्समच्या पांढऱ्या फळ्या. काचेच्या कापसाची गुंडाळी मामांनी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा कोकरू उचलावं तशी काखेत धरली. दाबून बघितली, वास घेतला. म्हणाले, "ह्यो लोकर न्हाई. लोकर भिजली तरी ऊब देती. ह्यो भिजला की मेला."

एकदा पुण्याहून एक विक्रेता आला होता. भिंतीला लावायचं रसायन विकायचा. बरोबर दोन सुयांचं यंत्र. सुया भिंतीत टोचल्या की आकडा यायचा आणि ओल जास्त असली की लाल दिवा लागून ते किंचाळायचं. मामांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. बाहेर पाऊस होता, मामांच्या डोक्यावरून घोंगडीची खोळ. त्यांनी यंत्र आपल्या पाठीवर लावायला सांगितलं. पोरगा हसत हसत आला आणि घोंगडीत सुया खुपसल्या. यंत्र किंचाळलं. मामा घोंगडी बाजूला करून त्याला आतला सदरा दाखवत म्हणाले, "बगा. मशीन म्हनतंय वला, आनि मी आत कोरडा बसलोय." त्या पोरानं निघताना मामांचा फोन नंबर मागितला. मामांकडे फोन नव्हता.

त्यांचं स्वतःचं घर मी एकदा पावसाच्या तोंडावर पाहिलं होतं. झड येते त्या पश्चिमेच्या भिंतीला त्यांनी भाताच्या पेंढ्याचा जाड पडदा बांधला होता. पण भिंतीला चिकटवून नाही. मध्ये जागा सोडलेली. माझा हात धरून त्यांनी त्या जागेत घातला. चार बोटं आडवी, बरोबर तेवढी. पेंढा भिजला तरी भिंत भिजायची नाही, आणि भिंतीतून काही आलंच तर त्या फटीतून खाली जायचं, वाऱ्यानं सुकायचं. हात गेला पाहिजे, हे त्यांचं माप. तळघराच्या भिंतीलाही ते हेच सांगत. मागं चार बोटं मोकळी ठेवा, पायाशी पन्हळ काढा, मग तुमचा कापूस लावा.

आता डब्याचं सांगतो. पुढचं सगळं त्यावर आहे.

मामांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी हिंजवडीजवळ जांब्याला दिलेली. तिच्या सासरच्यांनी जमिनीवर खोल्या काढल्या होत्या, आयटीतल्या पोरांना भाड्यानं द्यायला. ती बोलवायची, मामा जायचे नाहीत. दुपारी साइटवर सगळे डबे उघडत तेव्हा ते दरीकडे तोंड करून चुन्याची डबी काढत. हे मी घरी सहज बोललो आणि दुसऱ्या दिवसापासून बायकोनं दोन डबे द्यायला सुरुवात केली. चार वर्षं दिले. सुनंदाची आणि मामांची भेट दोनदा-तीनदाच झाली असेल, पण ते तिला सूनबाई म्हणायचे आणि ती मला त्यांच्यावरून बोलायची. मामांना तिखट लागतं, मामांना दात नाहीत, भाकरी कालवणात कुस्करून देऊ का.

डबा राखेनं घासून लख्ख परत यायचा आणि रिकामा कधी यायचा नाही. करवंदं, कुर्डूच्या भाजीच्या चार जुड्या, आळंबी, कधी काही नसलं तर मूठभर रानफुलं. सुनंदा संध्याकाळी आधी तो डबा उघडायची, मग मला पाणी द्यायची.

एकदा जेवताना त्यांनी तरुणपणची गोष्ट सांगितली. मेंढरं घेऊन खाली देशावर गेले असताना एका शेतकऱ्याच्या रानात मेंढरांचा वाडा बसवला होता. घरच्या बाईनं आठ दिवस भाकरी घातली. आठव्या दिवशी त्या शेतकऱ्याच्या कुत्र्यानं कोकरू मारलं. गावचे लोक जमले, पाटलानं विचारलं, कुणाचं कुत्रं? मामांनी पाहिलेलं होतं. म्हणाले, लांडगा होता. मी विचारलं, असं का? त्यांनी बोटं चाटून पुसली. "ज्याच्या घरची भाकरी खाल्ली, त्याला चारचौघांत खाली बगाया लावू न्हाई."

मी ते ऐकलं होतं. हे लिहून ठेवतो, कारण पुढं मी मला माहीत नव्हतं असं स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

हिंजवडीला मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एक मॅडम होत्या. घरूनच काम करायचं ठरल्यावर त्यांनी उतारावरचा बंगला घेतला आणि तळघरात आपली कामाची खोली करायला मला सांगितलं. त्यांना रोजच्या त्या गाड्यांच्या रांगांतून सुटून शांत बसायचं होतं. बाई सरळ होत्या, आवाज चढवून बोलताना मी त्यांना ऐकलं नाही. मामांनी भिंत पाहिली ती माघात. पिशव्या कोरड्या निघाल्या. तरी ते मान हलवत राहिले. म्हणाले, या भिंतीमागं उपळ आहे. पावसाच्या मध्यावर डोंगर पोटभर प्यायला की तो जागोजाग पाणी सोडतो, त्याला आमच्याकडे उपळ फुटली म्हणतात. आमची मेंढरं हितंच पानी प्यायची, ते म्हणाले, बंगला नंतर आलाय. एक पावसाळा भिंत उघडी ठेवा. तेवढं जमत नसेल तर चार बोटं आणि पन्हळ. त्यात कमी नाही.

पावसाळाभर थांबणं मॅडमना शक्य नव्हतं. म्हणून चार बोटं ठरली, पन्हळही काढली. मामा देवाला गेले, त्यांच्या कुळाचा देव लांब आहे, आठ दिवस लागतात.

त्या आठ दिवसांत फर्निचर आलं. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत एकसंध टेबल आणि वर पुस्तकांचं कपाट, पिरंगुटच्या कारखान्यात बनवून घेतलेलं. माप मी दिलं होतं. उघड्या भिंतीचं माप घेऊन त्यातून मी फळ्यांची जाडी वजा केली होती, कापसाची केली होती, आणि मामांची चार बोटं विसरलो होतो. मोजपट्टी हातात घेऊन तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेवढंच भरलं.

मी मॅडमना एक फोन करायला हवा होता. माझं माप चुकलं, टेबल कापावं लागेल, दहा दिवस द्या. एवढंच. त्या नाही म्हणाल्या नसत्या. पण वीस वर्षांत माप चुकलं असं मी कुणाला म्हटलं नव्हतं आणि तोंडाला त्याची सवय नव्हती. मी पन्हळ सिमेंटनं भरून घेतली. पट्ट्या सरळ भिंतीला ठोकल्या, कापूस भरला, फळ्या लावल्या, रंग दिला. टेबल इतकं चपखल बसलं की सुतारानं टाळी दिली.

मामा परत आले. चपला काढून आत गेले, टेबलाकडे बघितलं नाही. कोपऱ्यात विजेच्या बटणासाठी भोक ठेवलं होतं, अजून पेटी बसायची होती. त्यात त्यांनी हात घातला. बोटांची टोकं कापसात रुतली आणि थांबली.

"इंजिनेर," ते म्हणाले, "हाताची जागा कुटं गेली?"

मी म्हटलं, मॅडमना खोली मोठी हवी होती.

त्यांनी हात बाहेर काढला, चिकटलेली काचेची कुसळं फुंकून टाकली. दुपारी डबा खाल्ला, घासला. त्या दिवशी डब्यात जांभळं आली.

श्रावणात मॅडमचा फोन आला. खोलीला वास येतोय, टेबलामागं काळं पडलंय. जाण्यापूर्वी फोनवरच मी सांगून टाकलं की भिंत मामांनी तपासली होती, कोरडी आहे असं तेच म्हणाले होते. माघात कोरडी म्हणाले होते, तेव्हा वाक्य खोटं नव्हतं. अशी वाक्यं मला चांगली जमतात. मग मामांना गाडीत घालून घेऊन गेलो. का नेलं? सवयीनं. ओली भिंत म्हटली की मामा. आणि मामा बरोबर असले की मला बोलायची वेळ येणार नाही, असंही कुठंतरी वाटत होतं.

फळी काढली तर कापूस चिखलासारखा बसला होता, मागून पाण्याची धार. उपळ फुटली होती. मॅडम नाकाला ओढणी लावून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मामांकडे पाहिलं. विचारलं, "मामा, तुम्ही हात लावून सांगितलं होतं ना, कोरडी आहे म्हणून?"

माझ्या हातात डब्यांची पिशवी होती. गाडीत उकडतं म्हणून मी ती आत घेऊन आलो होतो. मामांनी त्या पिशवीकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे नाही.

"व्हय बाई," ते म्हणाले. "माजाच हात चुकला."

त्या क्षणी मी नुसतं नाही म्हणायला हवं होतं. मॅडम रागावल्या असत्या तर कदाचित म्हणालोही असतो. पण त्या मऊ आवाजात म्हणाल्या, असू द्या मामा, वय झालं की होतं. आणि आमच्या दोघांसाठी चहा टाकायला वर गेल्या. आम्ही दोघं त्या धारेचा आवाज ऐकत उभे राहिलो. मामांनी चपला घातल्या आणि चालत निघून गेले. डबा मात्र घेऊन गेले. तो नाकारला असता तर सूनबाईचा अपमान झाला असता, असं त्यांचं गणित असणार.

दुसऱ्या दिवशी तो डबा बंगल्याच्या रखवालदाराकडून आला. राखेनं घासलेला, लख्ख. संध्याकाळी सुनंदानं उघडला.

"अहो, रिकामा कसा?"

"विसरले असतील," मी म्हटलं.

पुढं आठ-दहा दिवस तिनं दोन डबे दिले. दुसरा मी रखवालदाराला खायला द्यायचो आणि रिकामा घरी आणायचो. एकदा वाटेत गाडी थांबवून त्यात रानफुलं भरायचा विचार केला. गाडी थांबवलीही. मग तसाच निघालो. शेवटी तिला सांगितलं की मामा मुलीकडे जांब्याला गेले. ती म्हणाली, बरं झालं, एकटे किती दिवस राहणार. हे ती वाचेल तेव्हा तिला कळेल की मामा तेव्हा कुठंही गेले नव्हते. आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर, एकट्या धुराच्या घरात होते.

खोली मी दुरुस्त केली. टेबल कापलं, पन्हळ उघडली, मागं चार बोटं सोडली. तेव्हापासून ती खोली ठणठणीत आहे. मॅडम ओळखीच्या लोकांना सांगतात की हे मागं मोकळी जागा सोडायचं यांनी शोधून काढलं. मी हसतो. आज या भागात माझं जे थोडंफार नाव आहे ते त्या चार बोटांचं आहे.

मामांचं नाव मात्र ओसरलं. बंगलेवाले एकमेकांशी बोलतात. म्हाताऱ्याचा हात गेला, एवढंच म्हणायचे, कुचेष्टेनं नाही. मला वाटलं, आपण बोलावलं की पुन्हा सुरू होईल. म्हणून दिवाळीनंतर दुसऱ्या एका तळघरावर त्यांना मुद्दाम नेलं. ते आले. दारात थांबले. चपला पायातच. दोन्ही हात पाठीमागं बांधलेले.

मी म्हटलं, मामा, हात लावा की.

"आता तुमीच बगा," ते म्हणाले. "भिंतीम्होरं खोटं बोललेला हात हाय. त्याला आता भिंत सांगायची न्हाई."

मी हसण्यावारी नेलं. ते हसले नाहीत. मला आधी वाटायचं, त्यांनी माझं पाप पोटात घातलं, मोठं मन केलं. तसं नव्हतं. त्यांच्याजवळ एकच गोष्ट होती, त्यांचा हात, आणि चार वर्षांच्या भाकरीच्या बदल्यात ती त्यांनी त्या तळघरात काढून ठेवली. माझ्या एका चुकलेल्या मापासाठी. त्यानंतर त्यांनी कुठल्याही भिंतीला हात लावला नाही.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. जांब्यालाच, शेवटी मुलीनं नेलं होतं. भाड्याच्या खोल्यांतली एक त्यांना दिली होती, दुसऱ्या मजल्यावर, चारी बाजूंना दुसऱ्यांच्या खोल्या. जिच्यामागं माती आहे अशी एकही भिंत नाही. मला कळलं तेव्हा दहावा होऊन गेला होता.

त्याआधीच्या ज्येष्ठात मी एकदा वर गेलो होतो. सगळं सांगायचं, माफी मागायची, मग खाली येऊन मॅडमकडे जायचं, असं ठरवून गेलो होतो. बाकीची पाच घरं बसली होती, दगडांचे ढीग आणि त्यावर घाणेरीची झुडपं. मामा घराच्या पश्चिमेला पेंढ्याचा पडदा बांधत होते. एकट्यानं दोर ओढवत नव्हता. मला बघून आश्चर्य वाटल्याचं काही दिसलं नाही. "इंजिनेर, त्यो शेंडा धरा," एवढंच म्हणाले.

मी धरला. ते गाठी मारत गेले. सूनबाई कशी हाय, विचारलं. बरी आहे म्हटलं. मी तीन वेळा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा दोराबद्दल काहीतरी बोललो.

पडदा उभा राहिला तेव्हा ते बाजूला झाले, हात मागं बांधले.

"हात घाला," म्हणाले. "जातोय का बगा. आनि भिंत कशी हाय ती सांगा."

मी पेंढा आणि भिंत यांच्यामध्ये हात घातला. गेला, पण जेमतेम, घासत. भिंत हाताला लागली. गार होती. ओली होती का? मला कळेना. मनगट उलटं करून लावायला हवं होतं, गाल लावायला हवा होता, इतकी वर्षं समोर बघून मला तेवढंही आलं नव्हतं. मामा वाट बघत होते.

"कोरडी आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुढं झाले, मघाशी मारलेल्या गाठी एकेक करून सोडल्या, आणि भिंतीला कुठंही हात लागू न देता अख्खा पडदा आणखी चार बोटं बाहेर ओढून पुन्हा बांधायला लागले. मी दोराचा शेंडा धरून उभा राहिलो.